गाण्यातला ‘मी’ नेमका कोणाचा?

गोदाकाठचा

थेट मुद्द्यावर येतो. आपल्याकडे अभंगाच्या शेवटच्या चरणात माणूस सही करतो. ज्ञानदेव म्हणे, नामा म्हणे, तुका म्हणे. शाहिरांनीही ही रीत सोडली नाही, होनाजीच्या भूपाळीत शेवटी होनाजी येतोच. मग विसाव्या शतकात तबकडी आली, रेडिओ आला, बोलपट आला आणि सही गेली. भावगीत आणि चित्रपटगीत लिहिणाऱ्याचं नाव वेष्टनावर बारीक अक्षरांत जाऊन बसलं. आपण आजही ‘लताचं गाणं’ म्हणतो. कवीचं नाव विचारलं की निम्मी बैठक वरती पंख्याकडे बघते.

आणि नेमकं त्याच काळात मराठी गाण्यातला ‘मी’ सैरभैर व्हायला लागला. १९६० च्या ‘जगाच्या पाठीवर’मध्ये गदिमा लिहितात ‘जग हे बंदिशाला’. त्यात कैदी नुसता कैदी नाही, ‘ज्याची त्याला प्यार कोठडी’ आहे. १९७५ च्या ‘सामना’त ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ येतं. त्यात ‘मी’ नाहीच, जो आहे तो ‘कुणी’. ग्रेस तर ‘भय इथले संपत नाही’ म्हणून मोकळे होतात आणि भय कसलं ते शेवटपर्यंत सांगत नाहीत.

माझं म्हणणं असं की हा योगायोग नाही. सही होती तोवर गाण्यातल्या ‘मी’ला घर होतं. देहूचा तुकाराम वाण्याचा मुलगा आहे, त्याचं दिवाळं निघालंय, बायको रागावते, हे सगळं त्या ‘तुका’मध्ये येतं. सही गेल्यावर तो ‘मी’ कोणाचाच उरला नाही. म्हणून कोणीही त्यात जाऊन बसतो. रात्री आपल्या नाशकात गंगापूर रोडवरून एकटा गाडी चालवत घरी जाणारा माणूस ‘भय इथले’ ऐकतो तेव्हा त्याला ते स्वतःचंच वाटतं.

आणखी एक गंमत बघा. ही गाणी लिहिणारे बरेचसे स्वतःच नाव बदललेले आहेत. माणिक गोडघाटे ग्रेस झाले. कुडाळात खाणावळ चालवणारे चिं. त्र्यं. खानोलकर आरती प्रभू झाले. आपल्या तात्यासाहेबांचं तर बघायलाच नको: जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर, दत्तक गेल्यावर विष्णु वामन, आणि कवितेखाली कुसुमाग्रज.

तुमच्या मनात घर केलेली अशी गाणी सांगा. आणि माझं म्हणणं खोडून काढता आलं तर तेही करा.

द्राक्षबाग

जागा राखून ठेवतो. सध्या छाटणी चालू आहे, डोकं ठिकाणावर नाही.

खडूस_म्हातारा

विषय चांगला, मांडणी पोकळ. परकेपणा विसाव्या शतकात आला हे कोणी सांगितलं? ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ ऐकलंय ना? १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं त्यातलं. ‘दोन ओंडक्यांची होते सागरात भेट’ ही गदिमांची कल्पना नाही. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात आहे, महाभारतात शांतिपर्वातही आहे. माणूस माणसाला लाटेपुरताच भेटतो हे आपल्याला हजारो वर्षं ठाऊक आहे. साठच्या दशकात चार लोकांनी काम्यू आणि सार्त्र हे फ्रेंच लेखक वाचले आणि आपल्याला वाटलं की दुःखाचा शोध तेव्हाच लागला.

आणि ‘कोण तू’ हा प्रश्न म्हणाल तर तो आपल्या पंचवटीत फार आधी विचारून झालेला आहे. गीतरामायणातच आहे, ‘कोण तू कुठला राजकुमार’. विचारणारी शूर्पणखा. उत्तरादाखल नाक गेलं.

गोदाकाठचा

@खडूस_म्हातारा, नाकाचं मान्य :) पण ओंडक्यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. राम ते भरताला समजावून सांगतोय. सांगणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, सगळं पक्कं आहे. त्यात दुःख आहे, पण राम ‘मी कोण’ म्हणून चाचपडत नाही. ‘भय इथले’मध्ये ‘इथले’ म्हणजे कुठले हेच कळत नाही. फरक तिथे आहे.

बेसूर

‘कुणाच्या खांद्यावर’ जगदीश खेबुडकरांचं ना?

पेटीवाला

@बेसूर, नाही. ‘सामना’त दोघांची गाणी आहेत. ‘सख्या रे घायाळ मी हरिणी’ खेबुडकरांचं, ‘कुणाच्या खांद्यावर’ आरती प्रभूंचं. चाल भास्कर चंदावरकरांची, आवाज रवींद्र साठ्यांचा.

आता मूळ विषय. मी पंचवटीत एका भजनी मंडळात पेटी धरतो, लग्नसराईत सुगम संगीताच्या कार्यक्रमांनाही बसतो. तर दोन्हीकडचं सांगतो.

‘भय इथले’ बसवताना गाणाऱ्या मुलीने मला विचारलं, काका, ‘मी संध्याकाळी गातो’ असं कसं म्हणू? मी म्हटलं, लताबाईंनी तसंच म्हटलंय, ‘गातो’च. ती ओळ एकदा नीट ऐका. आवाज बाईचा, क्रियापद पुरुषाचं, आणि कोणाला काही खटकत नाही. उलट्या बाजूने ‘मी मज हरपून बसले गं’ घ्या. लिहिलंय सुरेश भटांनी, गातायत आशाबाई, आणि हरपणारी तिसरीच कुणी, जिला श्रीरंगाने पहाटे लुटलंय. म्हणजे धागाकर्ते म्हणतात तसा तो ‘मी’ मोकळा सुटलेला आहे खरा. तो कवीचा नाही, गायकाचाही नाही.

पण दुसरी बाजू. आमच्या मंडळात ‘अवघा रंग एक झाला’ होतं, चोखामेळ्याच्या बायकोचा, सोयराबाईचा अभंग. किशोरीताईंमुळे ते घरोघरी गेलंय, लोक फर्माईश करतात. ‘मी तूपण गेले वाया’वर सगळे डोळे मिटून डोलतात. ‘देही असुनी तू विदेही’पर्यंत झालं की आमचे मुख्य गायक हात वर करतात आणि मृदंग थेट ‘विठ्ठल विठ्ठल’ गजरात शिरतो. शेवटचा चरण राहतो. ‘पाहते पाहणे गेले दुरी, म्हणे चोखियाची महारी.’ मी एकदा विचारलं, हा चरण का सोडतो आपण? तर म्हणाले, लय तुटते. मी पेटी वाजवतो, लय तुटत नाही हे मला कळतं.

म्हणजे सही गाण्यातून रेडिओने काढली असं नाही. काही सह्या आपण आपल्या हातानं काढल्या.

सिन्नरी

@पेटीवाला, दंडवत. हे कोणी लिहिल का याची वाट बघत होतो.

आता माझं. धागाकर्त्यांना हरवलेल्या ‘मी’ची काळजी आहे. हरवायला तो आधी हातात असावा लागतो. माझं गाव देशवंडीपासून लांब नाही. देशवंडी म्हणजे वामनदादा कर्डकांचं गाव, सिन्नर तालुका. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, २००४ साली गेले. शाळा नशिबात नव्हती, अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि पुढे हजारोंनी गाणी लिहिली, गावोगाव गायली. आमच्याकडे लग्नात, जयंतीला, मयतीलासुद्धा वामनदादा असतात.

त्यांच्या कित्येक गाण्यांत शेवटी ‘वामन’ येतो. म्हणजे विसाव्या शतकातही सही होती, ती रेडिओच्या यादीत नव्हती इतकंच. आणि त्या सहीआधी ‘मी’ येत नाही, ‘आम्ही’ येतो. ‘सांगा आम्हाला बिर्ला बाटा टाटा कुठाय हो, सांगा धनाचा साठा न आमचा वाटा कुठाय हो.’ यात ओळखीचा शोध नाही का? पुरेपूर आहे. फक्त तो आरशासमोर उभं राहून घेतलेला नाही, हिशेब मागून घेतलेला आहे.

काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. ते दार पाच वर्षांत उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. दोन्ही ठिकाणं आपल्याच जिल्ह्यातली. परकेपणावर गाणी शोधायला फ्रान्सला जायचं काही कारण नाही, निमाणी बसस्टँडला उतरून चालत जाता येतं.

‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ ऐका कधी निवांत. वरवर स्तुतीचं गाणं वाटतं. खरं तर आपल्याच लोकांना मारलेली चपराक आहे. आपण कोण झालो, कोण व्हायला हवं होतं, हा प्रश्न त्यात इतका उघडा आहे की जयंतीच्या डीजेवर लोक त्यावर नाचतात तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं.

गोदाकाठचा

@सिन्नरी, वामनदादा माझ्या मांडणीत यायलाच हवे होते. सहीचा मुद्दा तुम्ही पुढे नेलात. पण ‘आरशासमोर’ हा टोला ग्रेसना लागू होतो का? मला नाही वाटत. ज्याचं घरच भीतीचं आहे त्याचं गाणं चैनीचं नसतं.

खडूस_म्हातारा

ग्रेस दुर्बोध आहेत हे कोणी म्हणणार आहे की नाही?

पेटीवाला

दुर्बोध असतील. महाश्वेता मालिका लागायची तेव्हा ‘भय इथले’ कामवाल्या बाईपासून कलेक्टरपर्यंत सगळे गुणगुणत होते. कळत कोणाला होतं? हृदयनाथांच्या चालीत शब्द न कळताही पोटात कालवतं. मला तर वाटतं की कळलं असतं तर इतकं लागलं नसतं.

रात्रपाळी

मी वाचत जास्त असतो, लिहीत कमी. अंबडला कामाला आहे, कंत्राटी. सुरगाण्याकडचा. घरी कोकणी बोलतो, म्हणजे कोकणातली नाही, आमची. इथे रूमवर चौघं जण आहोत, सिडकोत, आणि पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे चौघं एकदम कधी जागे नसतो.

गेटवर पास दाखवला की यंत्र टुंग वाजतं आणि पडद्यावर नंबर येतो. आधीच्या ठिकाणी पासवर आडनावच चुकीचं छापलं होतं. सांगितलं तर सुपरवायझर म्हणे, पगार बरोबर येतोय ना, मग राहू दे. तीन कंत्राटं बदलली तरी ते चुकीचं आडनावच पुढे गेलं. आता त्या नावानं हाक मारली तरी मी ओ देतो.

तुमच्या यादीतली निम्मी गाणी मी ऐकलेली नाहीत. आमच्या लाइनवर एक काका अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ म्हणायचे. मला वाटायचं बायकोचं गाणं आहे. मुंबईला कामाला गेलेला माणूस, गावाकडे राहिलेली बायको, ‘माझ्या जिवाची होतिया काहिली’. मग एकदा त्यांनी पूर्ण म्हणून दाखवलं. शेवटी ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव निघते, संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेली. डांग माझ्या गावाला खेटून आहे. माझी आत्या तिकडे दिली आहे. ती गुजरातची, आम्ही महाराष्ट्राचे, भाषा तीच, सण तेच. त्या दिवशी ते गाणं मला एकदम वेगळं ऐकू आलं. त्या गाण्यात मैना कोणाची हे विचारतात, पण मैनेला कोणी विचारत नाही की बाई तुला कुठं राहायचंय.

हिंदीतलं एक आहे, ‘गमन’मधलं, ‘सीने में जलन’. टॅक्सीवाल्याचा सिनेमा. सुरेश वाडकरांनी गायलंय, शब्द शहरयार यांचे. ‘इस शहर में हर शख़्स परेशान सा क्यूँ है.’ पहाटे पाळी सुटल्यावर बसमध्ये सगळे माना टाकून झोपलेले असतात तेव्हा मी ते लावतो. एवढंच.

सिन्नरी

@रात्रपाळी, लिहीत जा रे भाऊ. कमी नको.

रानजाई

सगळं वाचून काढलं. सहीचा मुद्दा मला पटतो आणि त्याच मुद्द्यावर माझं भांडण आहे.

धागाकर्ते म्हणतात सही असली की ‘मी’ला घर असतं. कोणाच्या ‘मी’ला? ‘चोखियाची महारी’ यात नवऱ्याचं नाव आहे, जात आहे. सोयराबाई कुठे आहे? जनाबाईंच्या सह्या बघा, ‘नामयाची जनी’, ‘नामयाची दासी’. ही घरं आहेत खरी, पण मालकीहक्क दुसऱ्याचा. पेटीवाल्यांच्या मंडळाने तो चरण गाळला हे वाईटच, पण तो गायला तरी त्या बाईचं नाव कुणाच्या तोंडी येणार नव्हतं. जी बाई ‘मी तूपण गेले वाया’ म्हणते तिच्याकडे गमवायला मुळात केवढा ‘मी’ शिल्लक होता, हे मला त्या अभंगात कायम टोचतं. ती सगळे भेद गेले म्हणते आणि पुढच्याच श्वासात जगाने लावलेली जात सांगते. तिला ते दिसत नव्हतं असं मी मानत नाही. मुद्दाम ठेवलंय तिने ते तिथे.

जनाबाईंचा मात्र एक अभंग असा आहे की तिथे दासीबिसी काही उरत नाही. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी.’ शेवटी काय, तर ‘जनी म्हणे देवा मी झाले येसवा’. स्वतःला वेसवा, म्हणजे वेश्या, म्हणवून घेते आणि विठ्ठलाच्या घरात शिरते. सगळी लाज, सगळी ओळख स्वतःच्या हाताने उतरवून ठेवलेली, आणि नेमकं तिथेच ‘जनी’ एवढंच उरतं, नामयाची वगैरे नाही. ह्याला परात्मता म्हणायचं की स्वतःला सापडणं? मला दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

मी शाळेत मराठी शिकवते. लग्नानंतर माझं नाव ताटात तांदळात अंगठीने लिहून बदललं. सासरच्यांनी प्रेमानेच बदललं, कोणी छळलं वगैरे नाही. पण हजेरीपटावर एक, आधारवर दुसरं, आईच्या फोनमध्ये तिसरं. त्यामुळे सही नसलेली गाणी मला उपरी वाटत नाहीत, मोकळी वाटतात. ‘गेले द्यायचे राहुनी, तुझे नक्षत्रांचे देणे’ यात कोणी कोणाचं नाव सांगत नाही. बरं वाटतं.

बेसूर

@रानजाई, कडक.

मी एक सांगू का? सही परत आलीये. तुम्ही लोक ऐकत नाही एवढंच. रॅप घ्या, हिंदी नाहीतर मराठी. पोरगा सुरुवातीलाच स्वतःचं नाव घेतो, मग गल्लीचं, कधी पिनकोडचं. ‘तुका म्हणे’च आहे ते, फक्त शेवटून पुढे आलंय. आमच्या कॉलेज रोडच्या टपरीवर पोरं बसून लिहितात. सगळ्यांचं दुःख एकच, आम्हाला कोणी ओळखत नाही. आणि उपाय पण एकच, नाव मोठ्याने घ्या.

खडूस_म्हातारा

तुकोबांनी ‘तुका म्हणे’ म्हणताना स्वतःची आरती नाही ओवाळली. ‘तुका म्हणे’ नंतर बहुतेक वेळा स्वतःचा कान धरलेला असतो. नाव घेणं आणि नाव गाजवणं यात फरक आहे.

बेसूर

काका, अर्ध्या रॅपमध्ये स्वतःचाच कान धरलेला असतो. ऐका आधी. लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

द्राक्षबाग

छाटणी झाली. आलो.

मध्यमवर्गाबद्दल कोणी बोललंच नाही. संदीप खरेंचं ‘मी मोर्चा नेला नाही, मी संपही केला नाही’ आठवा. माझ्या पिढीचं परकेपण तिथे सापडतं. त्यात भय नाही, बंदिशाळा नाही, जात नाही, भूक नाही. काहीच केलं नाही, एवढंच. सभागृहात त्या गाण्याला लोक हसतात, टाळ्या देतात, मीही दिल्या आहेत. नंतर पार्किंगमध्ये गाडी काढताना कळतं की आपली थट्टा झाली आणि आपण तिकीट काढून ती करून घेतली. सिन्नरींनी सांगितलेल्या ‘आमचा वाटा कुठाय हो’ शेजारी हे गाणं ठेवून बघा. एकाला काय मागायचं ते नेमकं ठाऊक आहे, दुसऱ्याला मागायलाच काही नाही. जास्त उपरा कोण?

सिन्नरी

@द्राक्षबाग, ज्याला वाटा मिळालाय तो उपरा कसा? कंटाळलेला म्हणा.

द्राक्षबाग

कंटाळलेला चालेल. पण कंटाळ्याचीही गाणी होतात आणि ती चांगली असू शकतात. नारायण सुर्वे मास्तरांच्या ‘ना घर होते, ना गणगोत’पुढे ते फिकं पडेल हे मान्य. ज्याला गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून आणलं, आडनाव दिलं, त्याच्याशी माझ्यासारख्याने परकेपणात स्पर्धा करू नये. पण मग मी काय गायचं? उसनं दुःख?

गोदाकाठचा

धागा माझ्या हातातून गेला आणि बरं झालं. रानजाईंचा मुद्दा सोडवता येत नाहीये. सही म्हणजे घर हे मी ठामपणे लिहिलं खरं, पण ते घर कोणाच्या नावावर आहे ते बघावं लागणार. तरी एकनाथांचं काय करायचं? ‘एका जनार्दनी’. पैठणचा विद्वान, घरचा बरा, पुरुष, ब्राह्मण, त्याला स्वतःचं नाव सुटं घ्यायला कोणाची आडकाठी होती? तरी गुरूचं नाव जोडल्याशिवाय तो सही करत नाही. ‘नामयाची जनी’ आणि ‘एका जनार्दनी’ वरून सारखंच दिसतं.

रानजाई

दिसतं, पण नाही. एकनाथांनी जनार्दनस्वामी निवडले.

पेटीवाला

येत्या एकादशीला शेवटचा चरण मी पेटीवर धरणार आहे, गायक हात वर करोत नाहीतर काही करोत. मृदंगवाल्याला सांगून ठेवलंय, तो तयार आहे. मागे दोन आवाज हवेत, एखादा बाईचा असला तर उत्तम. पंचवटीत कोणी राहत असेल तर व्यनि करा.

रात्रपाळी

त्या आठवड्यात माझी पहिली पाळी आहे. संध्याकाळी मोकळा असतो. गाता येत नाही पण टाळ धरता येतात, आमच्याकडे सप्ताह असतो.

रानजाई

व्यनि केला आहे.